सुरक्षिततेचा पहिला धडा

प्राथमिक शाळेंतील मुलांस अपघातांपासून कसें जपावें, असा प्रश्न निघाला म्हणजे आपल्या मुखीं बहुधा निषेधच येतात : विस्तवाशीं खेळूं नको, विहिरींत वाकूं नको, कुत्र्याची खोडी काढूं नको. हे निषेध योग्यच आहेत. परंतु एवढ्यानें शिक्षण पुरें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. निषेध मोडून दुखापत झालीच, तर पुढें काय करावें हें मुलास कोणी सांगितलेलें नसतें. मग मार बसेल या भयानें तें ती दुखापत लपवितें. आणि कित्येकदां अपघातापेक्षां हें लपविणेंच अधिक घातक ठरतें.

श्वानदंशाचें उदाहरण घेऊं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेंतील रोगाचे विषाणू जखमेंतून शिरून मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे जातात. या प्रवासास बहुधा कांहीं आठवडे लागतात. तेवढाच आपणांस अवधि. रोगाची लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी वांचणें जवळजवळ अशक्य होय. १८८५ सालच्या जुलै महिन्यांत योजेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास असाच दंश झाला. त्याच्या आईनें दोनच दिवसांत त्यास पॅरिस येथें लुई पाश्चर यांजकडे नेलें. त्यांच्या नव्या लशीचे उपचार होऊन मुलगा वांचला. त्यानें दंश लपविला असता तर ती लस त्याच्या काय कामाची होती ?

म्हणून हा धडा केवळ तोंडीं न सांगतां वर्गांत करवून घ्यावा. एका मुलानें कुत्रा चावल्याचें सोंग घ्यावें, दुसऱ्यानें त्यास शिक्षकांकडे न्यावें, तिसऱ्यानें साबण आणावा. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें १५ मिनिटें धुवावयाची, हें घड्याळ समोर ठेवून दाखवावें. तदनंतर लशीसाठीं दवाखाना. भाजलेला भाग २० मिनिटें थंड वाहत्या पाण्याखालीं धरावा. त्यावर शाई, तूप कांहीं लावूं नये. सर्पदंश झाल्यास जखम कापूं नये, चोखूं नये, अवयव आवळून बांधूं नये. मुलास चालूं न देतां उचलून तत्काळ रुग्णालयांत न्यावें. मण्यारीचा दंश पुष्कळदां दुखतही नाहीं. यास्तव नुसता संशय आला तरी मोठ्यांस सांगावें, हें मुलांच्या मनावर बिंबवावें.

पालकांस आमची एक विनंति आहे. मूल रडत घरीं येऊन चूक कबूल करील, तेव्हां आपला पहिला शब्द रागाचा नसावा. “सांगितलेंस, बरें केलेंस,” एवढें म्हणून प्रथम उपचार करावे. शिक्षा करणें असेल तर त्यास पुढें पुष्कळ वेळ आहे. आणि बालमित्रांनो, तुम्हीही हें ध्यानांत ठेवा : बोलणीं खाल्ल्याचें दुःख सायंकाळपर्यंत ओसरतें, पण सांगण्याची गेलेली वेळ परत येत नाहीं.