कुत्र्यांचा अस्थि-कर्करोग व पांढऱ्या पेशींचा उपचार

मळ्यावरील राखणीचा कुत्रा लंगडूं लागला म्हणजे कांटा मोडला असेल किंवा पाय मुरगळला असेल, असें आपण समजतों. बहुधा तें खरेंही असतें. परंतु मोठ्या बांध्याचा, सात-आठ वर्षांचा कुत्रा कारणावांचून लंगडूं लागला, दोन आठवड्यांत लंगडणें कमी न होतां वाढत गेलें आणि हाडावर टणक सूज आली, तर अस्थि-कर्करोगाची शंका घेतली पाहिजे. पाश्चात्य वैद्यकांत यास ऑस्टिओसार्कोमा म्हणतात. ग्रेट डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड अशा थोर देहाच्या जातींत तो विशेष आढळतो.

या रोगाचें खरें भय पायांत नसून फुफ्फुसांत आहे. रोग ओळखला जातो त्या वेळींच सुमारें शेंकडा ९० कुत्र्यांत त्याच्या सूक्ष्म पेशी रक्तावाटे अन्यत्र गेलेल्या असतात, व क्ष-किरणांच्या चित्रांत त्या दिसत नाहींत. हरळी वरून खुरपली तरी जमिनींत काशा राहतात व पावसाबरोबर पुन्हां फुटतात, तसाच हा प्रकार होय. पाय कापल्यानें वेदना थांबते, तीन पायांवर कुत्रा चांगला चालतोही. पण तेवढ्यानें बहुधा चार-पांच महिन्यांचेंच आयुष्य लाभतें. त्यानंतर कर्करोगावरील औषधें टोचल्यास तें दहा ते बारा महिन्यांपर्यंत जातें.

मग या काशा वेचावयाच्या कोणीं? रक्तांतील पांढऱ्या पेशींपैकीं ‘टी’ नांवाच्या पेशी रोगट पेशी ओळखून मारतात. परंतु कर्करोगाची पेशी शरीराच्याच पेशींतून निपजलेली असल्यामुळें ती त्यांच्या नजरेंतून निसटते. या रक्षकांस शत्रूची ओळख पटवून त्यांची संख्या वाढविणें, हेंच नव्या उपचाराचें तत्त्व आहे.

अमेरिकेंतील मिसूरी विद्यापीठांतील संशोधकांनीं केलेल्या अशा एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२० सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत प्रथम रोगट पाय काढून त्यांतील गांठीपासून त्याच कुत्र्यासाठीं लस तयार केली. आपण पावसाळ्यापूर्वीं गुरांस घटसर्पाची लस टोंचवितों ती रोग होऊं नये म्हणून. ही लस मात्र रोग झाल्यावर टोंचावयाची. आठवड्यास एक याप्रमाणें ती तीन वेळां दिली. पुढें कुत्र्याच्या रक्तांतून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून प्रयोगशाळेंत त्यांची वाढ केली व त्या त्याच कुत्र्याच्या शिरेंत परत सोडल्या. शेवटीं त्यांस जोर यावा म्हणून इंटरल्यूकिन-२ हें द्रव्य टोंचलें.

असे १४ कुत्रे प्रयोगास घेतले होते. त्यांच्या आयुर्मर्यादेचा मध्य ४१५ दिवस आला, आणि ५ कुत्रे दोन वर्षांहून अधिक जगले. त्रास अल्पच झाला. तथापि येथें विवेक सोडूं नये. कुत्रे थोडे होते, तुलनेसाठीं दुसरा गट ठेवला नव्हता, आणि मध्याचा आंकडा औषधोपचाराच्या आंकड्यापेक्षां फार मोठा नाहीं. आशेचें खरें स्थान त्या पांच कुत्र्यांत आहे. मुलांस होणारा अस्थि-कर्करोग याच जातीचा असल्यामुळें या ज्ञानाचा लाभ मनुष्यासही होण्याजोगा आहे.

या उपचारास विशेष प्रयोगशाळा व मोठा खर्च लागतो. तो आपल्या वस्तीपर्यंत येण्यास अवकाश आहे. पण आपल्या हातीं कांहींच नाहीं असें मात्र नव्हे. लंगड्या पायास चोळूं नये व हाडवैद्याकडून ताणूं नये, कारण पोखरलेलें हाड सहज मोडतें. मनुष्याचीं वेदनाशामक औषधें कुत्र्यास घालूं नयेत. त्यांतील कित्येक त्यास विषासमान आहेत. पशुवैद्याकडून क्ष-किरणांचें चित्र वेळेवर काढवावें. ज्यानें रात्रभर जागून आपलें खळें राखलें, त्याचें दुखणें दोन महिने अंगावर काढूं देणें धन्यास शोभत नाहीं.