डांसाच्या अळीचे तीन कोट

भाताच्या खाचरांत, पाटाच्या कडेस व गोठ्यामागील डबक्यांत वळवळणाऱ्या अळ्या आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिल्या असतील. ॲनाफिलिस डांसाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशीं समांतर पडून राहते. क्यूलेक्सची डोकें खालीं करून तिरपी लोंबते. पहिल्या वर्गांतील कांहीं जातींचे डांस हिंवताप पसरवितात, दुसऱ्यांतील कांहीं हत्तीरोग व जपानी मेंदूज्वर. ऐन लावणीच्या दिवसांत घरांतील कर्तें माणूस तापानें अंथरुणास खिळलें म्हणजे काय होतें, हें शेतकऱ्यास सांगणें नको. म्हणून हा शत्रु कसा मारावा याबरोबरच तो आपला जीव कसा वांचवितो, हेंही जाणणें अगत्याचें आहे.

अळीच्या रक्षणास जणूं तीन कोट आहेत. पहिला कातडीचा. दुसरा आंतड्याचा, तेथें अन्नाभोंवतीं एक पातळ पडदा असतो व तो बहुतेक जंतूंस आंतड्याच्या पेशींपर्यंत पोंचूं देत नाहीं. तिसरा रक्ताचा. कीटकांच्या रक्तांत मनुष्याप्रमाणें प्रतिपिंडें नसतात. परंतु त्यांत एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडविणारें प्रथिन, निद्रिस्त स्थितींत असतें. एखादा सूक्ष्म कृमि कातडी भेदून आंत शिरला कीं तें जागृत होतें, त्या कृमीभोंवतीं काळें रंगद्रव्य जमतें, व कृमि त्यांत कोंडला जातो. चिरलेलें वांगें काळें पडतें, तें याच जातीच्या विकरामुळें होय. मात्र हें रक्षण फुकटचें नव्हे. अळीपणीं अर्धपोटीं वाढलेल्या डांसांत ही शक्ति उणी पडते, असें प्रयोगांत दिसून आलें आहे.

पूर्ण वाढलेल्या डांसांतही हीच शक्ति असते. सर रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबादेस डांसाच्या जठराच्या भिंतींत हिंवतापाच्या जंतूंच्या गांठी पाहिल्या. पुढें १९८६ सालीं, आफ्रिकेंतील ॲनाफिलिस गँबिई डांसाचा एक वंश या जंतूंस काळ्या वेष्टनांत कोंडून मारतो, असें प्रसिद्ध झालें. पण जंतूही स्वस्थ बसत नाहीं. आपल्या अंगावरील एका प्रथिनाच्या योगें तो डांसाच्या पहाऱ्यास चुकवितो.

आतां आपल्या शस्त्रांकडे वळूं. १९७६ सालीं इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटांतील एका डबक्यांत बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा जंतु सांपडला. त्याचे स्फटिक अळीच्या आंतड्यांतील क्षारधर्मी रसांत विरघळतात व मोकळें झालेलें विष पेशी फोडतें. दुसरा जंतु बॅसिलस स्फेरिकस. याच्या विषास पेशीवर बसण्यास एकच ठराविक थारा लागतो. तो थारा बदलला कीं विष व्यर्थ जातें. कोचीन येथील क्यूलेक्स अळ्यांत या जंतूविरुद्ध मोठी सहनशक्ति आल्याचें १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. इस्रायलेन्सिसमध्यें अनेक विषें एकत्र असून एक दुसऱ्यास थारा करून देतें. म्हणून त्यास चुकविणें अळीस कठीण जातें. रासायनिक विषांची गोष्ट निराळी नाहीं. पिकावरील फवाऱ्याचें औषध खाचरांत उतरतें, ज्या अळ्यांच्या अंगीं तें मोडणारीं विकरें अधिक, त्या जगतात, व पुढील पिढी त्यांचीच होते.

हा धडा कापूस उत्पादकांस नवा नाहीं. बीटी कपाशीवर भिस्त ठेवली असतां महाराष्ट्रांत २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें केवढी हानि केली, हें सर्वांस ठाऊक आहे.

तेव्हां कोणतेंही एकच औषध वर्षानुवर्षें वापरूं नये. आरोग्य खात्याच्या सल्ल्यानें आलटून पालटून वापरावें. पिकावर गरजेवांचून फवारा मारूं नये. विहिरींत व टांक्यांत गप्पी मासे सोडावेत, पाटांतील गवत काढावें. अंड्यापासून डांस होण्यास उष्ण दिवसांतही साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून जेथें पाणी हातीं आहे, तेथें दर आठवड्यास खाचर निथरवून कांहीं दिवस कोरडें ठेवावें. फुलोऱ्यांत मात्र पिकास ताण देऊं नये. विषास अळी सरावते. पण पाणीच आटलें तर तिच्या तिन्ही कोटांचा उपयोग नाहीं.