कीटकभक्षी वनस्पतींच्या रोपवाटिकेत ट्रायकोडर्माचा वापर : शेणखत टाळा, बुरशी वापरा

ट्रायकोडर्मा म्हटले की शेणखत, हे समीकरण आपल्या विस्तारकार्यात पक्के बसले आहे. एक किलो ट्रायकोडर्मा शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलावा राखून, काही दिवसांनी जमिनीत द्यावा, ही शिफारस हरभरा, तूर, भाजीपाला अशा पिकांसाठी योग्यच आहे. काही वर्षांपूर्वी एका शोभिवंत रोपांच्या रोपवाटिकाधारकाने दूरध्वनीवरून रोपे कोलमडत असल्याचे सांगितले, तेव्हा रोपे कोणती हे न विचारता मी हाच सल्ला दिला होता. ती रोपे दवबिंदू आणि व्हीनस फ्लायट्रॅपची होती. शेणखत दिल्यानंतर त्यांची पाने काळवंडली आणि थोड्याच दिवसांत कुंड्या रिकाम्या झाल्या. रोपे बुरशीमुळे नव्हे, तर बुरशीसोबत दिलेल्या खतामुळे गेली होती. त्या चुकीतून मिळालेला धडा या लेखात मांडला आहे.

या वनस्पतींचे वेगळेपण

कीटकभक्षी वनस्पती निकृष्ट, आम्लधर्मी आणि ओलसर जागी वाढतात. तेथील मातीत नत्र व स्फुरद अत्यल्प असल्याने ही अन्नद्रव्ये त्या पानांच्या सापळ्यांत अडकलेल्या कीटकांकडून मिळवतात. साताऱ्याजवळील कास पठारावर पावसाळ्यात दिसणारी सीतेची आसवे आणि दवबिंदू ही याची आपल्या परिचयाची उदाहरणे होत. मेघालयातील खासी, जैंतिया व गारो टेकड्यांवर आढळणारी नेपेन्थेस खासियाना ही भारतात निसर्गतः वाढणारी घटपर्णीची एकमेव जाती आहे.

अशा वनस्पतींच्या मुळांना क्षार सोसत नाहीत. शेणखत, गांडूळखत किंवा निंबोळी पेंड दिल्यास माध्यमातील क्षार वाढतात, सामू चढतो आणि मुळे करपतात. घटपर्णी थोडेफार खत सहन करते. दवबिंदू व फ्लायट्रॅप मात्र करत नाहीत. शिवाय अर्धवट कुजलेला सेंद्रिय पदार्थ ओल्या कुंडीत पिथियमसारख्या रोगकारकांनाच खाद्य पुरवतो.

प्रमुख रोग

१. रोपे कोलमडणे : पिथियम व रायझोक्टोनियामुळे कोवळे खोड जमिनीलगत कुजते. या वनस्पतींची रोपे अतिशय सावकाश वाढत असल्याने धोक्याचा काळ काही महिन्यांपर्यंत लांबतो.

२. मूळकूज व खोडकूज : पाणी साचलेल्या, हवा न खेळणाऱ्या माध्यमात आढळते.

३. करडी बुरशी : बोट्रायटिस ही बुरशी मृत पाने व सुकलेल्या सापळ्यांवर प्रथम येते आणि तेथून जिवंत भागाकडे सरकते.

ट्रायकोडर्मा कसे काम करते?

ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना वेटाळून त्यांवर उपजीविका करते, हे वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवून दिले. कायटिनेज व ग्लुकानेज ही विकरे स्रवून ती रोगकारकाची पेशीभित्ती विरघळवते. पिथियमच्या भित्तीत प्रामुख्याने सेल्युलोज व ग्लुकान असतात. तेथे सेल्युलेज व ग्लुकानेज ही विकरे, तसेच जागा व अन्न यांसाठीची स्पर्धा उपयोगी पडते.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला यात एक साम्य दिसते. कीटकांचे कवच आणि बहुतेक बुरशींची पेशीभित्ती या दोन्हींत कायटिन असते. घटपर्णीच्या कलशातही कायटिनेज असते आणि कायटिनचा स्पर्श होताच तेथील द्रवात ड्रोसेरोनसारखी बुरशीरोधक द्रव्ये वाढतात, असे नेपेन्थेस खासियानावरील अभ्यासांत आढळले आहे. ही व्यवस्था असूनही माध्यमाजवळचे कोवळे खोड बुरशीला बळी पडते. म्हणून ट्रायकोडर्माची जागा माध्यमात आहे, कलशात नाही.

वापरण्याची पद्धत

१. माध्यम : खत न मिसळलेले पीट किंवा स्फॅग्नम शेवाळ आणि पर्लाईट वापरावे. कोकोपीट घेतल्यास त्यातील क्षार निघून जाईपर्यंत ते वारंवार धुवावे. आम्लधर्मी माध्यम ट्रायकोडर्माला मानवते.

२. उत्पादन : टाल्क पावडरवर आधारित, नोंदणीकृत भुकटी घ्यावी. टाल्क निष्क्रिय असल्याने मुळांना अपाय होत नाही. वेष्टनावरील अंतिम मुदत आणि प्रति ग्रॅम जिवाणूसंख्येऐवजी बुरशीच्या वसाहतकारक घटकांची संख्या पाहावी. ती किमान २० लाख असावी. सेंद्रिय खत, ह्यूमिक आम्ल किंवा अन्नद्रव्ये मिसळलेली उत्पादने टाळावीत.

३. पाणी : पावसाचे किंवा आरओचे पाणी वापरावे. विहिरीचे वा कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी वापरू नये. द्रावणात गूळ घालू नये.

४. मात्रा : एक लीटर पाण्यात ५ ग्रॅम भुकटी ढवळून पातळ कापडातून गाळावी व पेरणीपूर्वी किंवा कुंडी बदलताना माध्यमावर आळवणी करावी. रोपावस्थेत दर महिना-दीड महिन्याने पुन्हा द्यावी. पाने व कलश यांवर द्रावण पडू देऊ नये. नवीन उत्पादन प्रथम दोन-तीन रोपांवर वापरून पंधरा दिवस निरीक्षण करावे.

५. तापमान व हवा : ही बुरशी २५ ते ३० अंश सेल्सिअसला जोमाने वाढते आणि तिला प्राणवायू लागतो. घटपर्णीच्या कुंडीखाली पाणी साचू देऊ नये. दलदलीतील जातींच्या ताटलीत एक-दोन सेंटिमीटरच पाणी ठेवावे.

कोठे उपयोग होत नाही?

सारासेनियाच्या बियांना पेरणीपूर्वी ४ ते ६ आठवडे थंड व ओलसर ठेवावे लागते. फ्रिजमधील थंडीत ट्रायकोडर्मा जवळजवळ निष्क्रिय असते. करडी बुरशी मात्र तेथेही वाढते. अशा वेळी स्वच्छ बियाणे, निर्जंतुक शेवाळ आणि बेताचा ओलावा यांवरच भिस्त ठेवावी. खोड आतून कुजलेले रोपही ट्रायकोडर्माने वाचत नाही. ते तत्काळ काढून टाकावे. कार्बेन्डाझिमची आळवणी केल्यास रोगकारकासोबत मित्रबुरशीही मरते, म्हणून दोन्ही एकत्र वापरू नयेत. बहुतेक कीटकभक्षी वनस्पती मायकोरायझावर अवलंबून नसल्याने तो खर्चही टाळता येतो.

चिलटांकडे लक्ष द्या

ओल्या पीटमध्ये काळ्या चिलटांसारख्या सियारिड माश्या अंडी घालतात. त्यांच्या अळ्या कोवळी मुळे कुरतडतात, बुरशीचे तंतू खातात आणि पिथियमचा प्रसार करतात. दवबिंदूच्या चिकट पानांवर प्रौढ माश्या अडकतात, त्यामुळे रोप स्वतःचे रक्षण करते असा समज होतो. परंतु माध्यमातील अळ्यांपर्यंत ते पोहोचू शकत नाही. पिवळे चिकट सापळे लावावेत, माध्यमाचा वरचा थर फार ओला ठेवू नये आणि गरज भासल्यास बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस या जिवाणूची आळवणी करावी.

नैसर्गिक अधिवासाबाबत

नेपेन्थेस खासियाना संकटग्रस्त असून साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात समाविष्ट आहे. पठारांवरून वा जंगलातून रोपे उपटून आणू नयेत. उतीसंवर्धित किंवा रोपवाटिकेत वाढवलेलीच रोपे घ्यावीत. ट्रायकोडर्माचा वापरही कुंडीपुरताच ठेवावा. कासच्या कातळावर कोणतेही निविष्ठा-द्रावण शिंपडण्याची गरज नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

रोगाचे नाव समजताच शिफारस देण्याची आपल्याला सवय असते. त्याआधी दोन प्रश्न विचारावेत : वनस्पती कोणती आहे आणि ती निसर्गात कशा मातीत वाढते? ट्रायकोडर्मा तीच राहील. ती कशात मिसळून द्यायची, हे या उत्तरांवरून ठरवावे.