सायकलवर जिरणारी ताकद

पुण्यात रोज सायकल चालवणाऱ्याला आणि सुट्टीत सिंहगड गाठणाऱ्याला घर्षण पुस्तकाआधी पायांना कळतं. मला कळलं ते असं :

१. चढ घेतो ते परत देतो, वारा देत नाही. चढताना खर्चलेली ताकद स्थितिज ऊर्जा होऊन साठते आणि उतारावर हाती येते. हवा, टायर आणि चेन यांनी घेतलेली मात्र उष्णता होऊन विरून जाते. म्हणून दमणूक कमी करायची तर आधी या तिघांकडे बघावं.

२. वेगाचा हव्यास महाग पडतो. वारा पडलेला असतानाही ताशी २० किलोमीटरवरून ४० वर गेलं की हवेचा रोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला आठपट शक्ती लागते. अंग हँडलकडे झुकवलं की फरक लगेच जाणवतो.

३. निघण्यापूर्वी टायर अंगठ्याने दाबून पाहावा. चाक फिरताना रबर दबतं आणि पुन्हा फुगतं. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत करत नाही. हवा कमी असेल तर ही गळती वाढते. पण खडबडीत रस्त्यावर टायर दगडासारखा टणकही नको. तिथे हादरे अंगात जिरतात आणि ताकद तिकडे जाते.

४. चेन आधी पुसावी, मगच तेल घालावं. धुळीवर तेल पडलं की काळा लगदा होतो आणि कड्या झिजतात. प्रत्येक कडीला एक थेंब पुरतो. वरचं तेल फडक्याने टिपून घ्यावं.

५. उतारावर ब्रेक धरून ठेवू नये. सायकलसह ८५ किलो वजन ६०० मीटर खाली आणताना सुमारे पाच लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. तेवढ्यात दीड लिटर पाणी उकळेल! हळूहळू, ब्रेक दाबतच उतरलं तर जवळपास सगळी रिमवर येते; रिमला हात लावला तर चटका बसतो, कधी ट्यूबही फुटते. समोरचा रस्ता मोकळा दिसत असेल तिथे ब्रेक सोडावा, वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग उतरवावा. मधल्या टप्प्यात हवा आपला वाटा उचलते आणि रिमही निवते.

६. घर्षणाला शत्रू मानू नये. टायरची रस्त्यावरची पकड नसेल तर चाक जागीच फिरेल आणि ब्रेकही निरुपयोगी ठरेल. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा वळणावर सायकल कमी झुकवावी आणि ब्रेक बराच आधी लावावा. चेनमध्ये घर्षण जितकं कमी तितकं बरं. रस्त्यावर मात ते भरपूर हवं.