हक्काचा आधार

प्रस्तावना

बंगळुरू शहराच्या वायव्य भागात, तुमकुरू मार्गालगत पीण्या ही औद्योगिक वसाहत आहे. सत्तरच्या दशकात आकारास आलेली ही वसाहत आज देशातील मोठ्या औद्योगिक वसाहतींत गणली जाते. यंत्रांचे सुटे भाग, ओतकाम, धातूंना मुलामा देणे, तयार कपडे शिवणे अशा नाना उद्योगांचे लहानमोठे कारखाने येथे दाटीवाटीने उभे आहेत. त्यांत राबणारे हात मात्र दूरदूरचे आहेत. उत्तर कर्नाटकातील कोरडवाहू तालुक्यांतून, तसेच ओडिशा, बिहार, झारखंड, आसाम यांसारख्या उत्तर व पूर्वेकडील राज्यांतून माणसे येथे पोटासाठी येतात. अशा परक्या शहरात कामगार आजारी पडला किंवा यंत्रात त्याचा हात सापडला, तर त्याचा वाली कोण? या प्रश्नाला शासनाने दिलेले उत्तर या पाठात पाहावयाचे आहे.

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –
• सामाजिक विमा म्हणजे काय, ते सांगता येईल;
• राज्य कामगार विमा योजनेतील प्रमुख लाभ स्पष्ट करता येतील;
• हक्क आणि दया यांतील फरक स्वतःच्या शब्दांत मांडता येईल.

मूलपाठ

गाव सुटते तेव्हा

गावात कोणी आजारी पडले, तर शेजारीपाजारी धावून येतात. भावकीतून उसनवार मिळते. निदान घरची भाकर तरी असते. शहरात हा आधार राहत नाही. खोलीचे भाडे थांबत नाही आणि खाडा झाला की त्या दिवसाचा पगार बुडतो. मग आठ दिवसांचा तापही कर्जाचे कारण ठरतो. म्हणजे आजार माणसावर दोन बाजूंनी घाला घालतो. एकीकडे खर्च वाढतो आणि दुसरीकडे मिळकत बंद होते. केवळ मोफत औषध देऊन यातील अर्धेच दुःख दूर होते. बुडालेल्या वेतनाचीही भरपाई व्हावी लागते. सर्वांनी मिळकतीतून थोडे थोडे साठवावे आणि ज्याच्यावर प्रसंग ओढवेल त्याला त्यातून आधार मिळावा, हेच सामाजिक विम्याचे तत्त्व होय.

योजनेचा उगम

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सदस्य होते. याच काळात, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा तयार करण्याचे काम प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यांनी १९४४ साली आपला अहवाल सादर केला. त्याच्या पायावर १९४८ चा कायदा उभा राहिला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कायद्याची जागा घेतली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तथापि योजनेची मूळ चौकट कायम राहिली. लोकांच्या बोलण्यात ही योजना ‘ईएसआय’ या नावाने रुळली आहे.

वर्गणी आणि लाभ

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना ही योजना लागू होते. २०१७ पासून यासाठी मासिक वेतनाची मर्यादा २१,००० रुपये ठरवण्यात आली. जुलै २०१९ पासूनच्या दरानुसार कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के रक्कम कापली जाते आणि मालक ३.२५ टक्के रक्कम भरतो. समजा, एखाद्या कामगाराचे वेतन १६,००० रुपये आहे. त्याचे १२० रुपये कापले जातील आणि मालकाला ५२० रुपये भरावे लागतील. म्हणून दवाखान्याच्या रांगेत उभा असलेला विमाधारक कोणापुढे हात पसरत नसतो. त्या रांगेत त्याच्या घामाची वर्गणी आधीच जमा झालेली असते.

या वर्गणीच्या बदल्यात विमाधारकाला व त्याच्या कुटुंबाला वैद्यकीय उपचार मिळतात. पीण्यात विमा महामंडळाचे रुग्णालय आहे, तर जवळच्या राजाजीनगरात मोठे रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय आहे. आजारपणात कामावर जाता आले नाही, तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. क्षयरोगासारख्या दीर्घ आजारांत आणखी मुदतवाढ मिळू शकते. कामावर अपघात झाल्यास मात्र अशी अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी हात यंत्रात सापडला, तरी तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के रक्कम देय असते. कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतील स्त्रियांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांचा, पूर्ण वेतनाइतका प्रसूतिलाभ मिळतो.

हक्क कोठे अडतो?

लाभांची ही यादी मोठी दिसते. पण ती आपोआप कामगाराच्या दारी येत नाही. अनेक कामगार कंत्राटदारामार्फत कामावर येतात. त्यांपैकी कित्येकांना आपला विमा क्रमांकच ठाऊक नसतो. कोणाचे नाव आधार पत्रावर एक आणि नोंदीत दुसरे असते. कोणाच्या पगारातून रक्कम कापली जाते, पण ती भरली गेली की नाही, हे तो विचारत नाही. कंत्राटी कामगारांच्या वर्गणीची जबाबदारी मुख्य मालकावरही असते आणि मालकाने वर्गणी बुडवली, तरी महामंडळाला कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करता येते. ही तरतूद ज्याला माहीत आहे, तो न्याय मागू शकतो. ज्याला ती माहीत नाही, तो नशिबाला बोल लावून गावी परततो.

दुसरी गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. विमा क्रमांक एकदा मिळाला की नोकरी किंवा राज्य बदलले तरी तोच राहतो. कामगाराचे कुटुंब गावी राहत असेल, तर त्यांच्यासाठी तिकडचा दवाखाना नोंदवता येतो.

योजनेबाहेरची माणसे

दहापेक्षा कमी कामगारांची छोटी कर्मशाळा, हमाल, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, फेरीवाले यांना सहसा या विम्याचे छत्र मिळत नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत रस्त्याने चालत गावाकडे निघालेल्या कामगारांनी ही उणीव साऱ्या देशाला दाखवून दिली. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम सुरू झाले. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे गावच्या शिधापत्रिकेवर परराज्यातही धान्य घेता येते. पात्र कुटुंबांना आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. साध्या आजारांसाठी बंगळुरूत ‘नम्म क्लिनिक’ आहेत. कन्नड भाषेत ‘नम्म’ म्हणजे ‘आपले’. परक्या शहरातील दवाखाना कामगाराला खरोखर ‘आपला’ वाटेल, तेव्हाच या नावाचे सार्थक होईल.

पाठगत प्रश्न

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) योजनेचा प्रारंभ कानपूर व ............... येथे झाला.
(आ) आजारपणात वेतनाच्या ............... टक्के रक्कम मिळते.
२. चूक की बरोबर ते सांगा.
(अ) अपघातलाभासाठी ७८ दिवसांची वर्गणी आवश्यक असते.
(आ) राज्य बदलले की विमा क्रमांक बदलतो.

सारांश

आजार माणसाचा खर्च वाढवतो आणि मिळकत थांबवतो. या दुहेरी संकटावर सामाजिक विमा हा उपाय आहे. कामगार आणि मालक यांच्या वर्गणीतून योजना चालत असल्याने तिचा लाभ हा उपकार नसून हक्क आहे. मात्र कायद्यातील हक्क प्रत्यक्षात उतरण्यासाठी नोंदणी, माहिती आणि विचारण्याचे धैर्य या तिन्हींची गरज असते.

शब्दार्थ

वाली – रक्षणकर्ता, कैवारी
खाडा – कामावरील गैरहजेरी
देय – देणे बंधनकारक असलेले
तरतूद – आधी करून ठेवलेली सोय

स्वाध्याय

१. ‘आजार माणसावर दोन बाजूंनी घाला घालतो’, या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. ‘हात पसरणे’ व ‘नशिबाला बोल लावणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
३. १२,००० रुपये वेतनावर कामगाराची व मालकाची मासिक वर्गणी किती होईल, ते काढा.
४. आपला विमा क्रमांक व भरलेल्या वर्गणीचा तपशील मिळावा, यासाठी कारखान्याच्या व्यवस्थापकास अर्ज लिहा.
५. उपक्रम : तुमच्या वस्तीतील पाच कष्टकरी व्यक्तींशी बोला. त्यांच्यापैकी कोणाची कोणत्या योजनेत नोंद आहे, याचा तक्ता तयार करा. ज्यांची नोंद नाही, त्यांना या पाठातील माहिती वाचून दाखवा.