विजेची चरखी आणि बारा व्होल्टचा हिशेब

लोणावळ्याहून पुण्याकडे निघाले की पहिले स्टेशन मळवली. एका बाजूला कार्ले, दुसऱ्या बाजूला भाजे आणि भोवताली बंगले व रिसॉर्ट. या मुलखात पावसाळा सरला की फरसबंदीवर, कुंपणाच्या भिंतींवर आणि जिन्यांवर शेवाळाचा थर उरतो. तो काढण्यासाठी प्रेशर वॉशर, पाण्याची टाकी आणि इंजिन ट्रेलरवर बसवून दारोदार काम करणे हा चांगला धंदा आहे. गॅरेज, वेल्डिंग किंवा वायरिंगचे काम येणाऱ्या कारागीर बांधवांना असा ट्रेलर स्वतः उभारता येतो.

पन्नास मीटरचा पाइप दिवसातून वीस वेळा हाताने गुंडाळणे कष्टाचे असते, म्हणून त्याला बारा व्होल्टच्या मोटरची चरखी बसवतात. मात्र पुष्कळ ठिकाणी ही चरखी रडतखडत फिरते, वायर तापते आणि दोष मोटरला दिला जातो. वास्तविक दोष बहुधा वायरीचा असतो. आज आपण त्याचाच विचार करू.

वायर किती जाड?

समजा, चरखीची मोटर ४८० वॅटची आहे. घरातील २३० व्होल्टवर तिला सुमारे २ अँपिअर पुरले असते. बारा व्होल्टवर मात्र तेवढ्याच कामासाठी ४० अँपिअर लागतात. सुरू होण्याच्या क्षणी तर याहून कितीतरी अधिक लागतात. म्हणून घरातील वायरिंगचा अंदाज येथे चालत नाही.

बॅटरीपासून चरखी ४ मीटरवर असेल, तर वीज जाऊन परत येण्याची लांबी ८ मीटर होते. तांब्याच्या वायरीत ४० अँपिअरवर होणारी घट अशी :

२.५ चौरस मिलिमीटर : सुमारे सव्वादोन व्होल्ट
६ चौरस मिलिमीटर : ०.९३ व्होल्ट
१० चौरस मिलिमीटर : ०.५६ व्होल्ट
१६ चौरस मिलिमीटर : ०.३५ व्होल्ट

पहिल्या वायरीने मोटरपर्यंत पावणेदहा व्होल्टच पोचतात. उरलेली वीज वायर तापवण्यात जाते. आम्ही अशा चरखीसाठी १६ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची लवचिक तांब्याची केबल सुचवतो. वेल्डिंगची केबलही चालते, पण ती तांब्याचीच आहे याची खात्री करून घ्यावी. स्वस्त मिळणारी केबल पुष्कळदा ॲल्युमिनियमची असते.

मोटरला लागणारे अँपिअर तिच्या पट्टीवर पाहून हा हिशेब आपापल्या ट्रेलरसाठी पुन्हा करावा. ०.०१७५ ला जाण्या-येण्याच्या एकूण मीटरने आणि अँपिअरने गुणावे व वायरीच्या चौरस मिलिमीटरने भागावे. उत्तर अर्ध्या व्होल्टच्या आत असावे.

फ्यूज कोठे?

फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच बसवावा. चरखीजवळ बसवलेला फ्यूज मधली वायर घासून उघडी पडली तर काहीच कामाचा नाही. बारा व्होल्टचा झटका लागत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. परंतु शॉर्ट झालेल्या बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहतात आणि ट्रेलरवर पेट्रोलची टाकी शेजारीच असते. वरील उदाहरणात ६० अँपिअरचा मोटारगाडीत वापरतात तसा फ्यूज योग्य ठरेल. दोन चरख्या असतील तर प्रत्येकीला स्वतंत्र फ्यूज द्यावा. घरातील एम.सी.बी. येथे वापरू नये; तो ए.सी.साठी बनवलेला असतो.

स्विच आणि परतीची वायर

चाळीस अँपिअर साध्या बटणातून नेले तर बटण जळते. मोठा प्रवाह सोलेनॉइडमधून न्यावा आणि बटणाने फक्त सोलेनॉइड चालवावा. चरखी मिनिटभर फिरते, म्हणून गाडीच्या सेल्फचा सोलेनॉइड न घेता सतत चालणारा घ्यावा. बटण रबरी टोपीचे असावे आणि बोट काढताच चरखी थांबावी. गुंडाळण्यापूर्वी वॉशर बंद करून, बंदुकीचा खटका दाबून पाइपातील दाब सोडावा. सैल बाही व ओढणी चरखीपासून दूर ठेवावी.

ऋण वायर ट्रेलरच्या सांगाड्याला जोडून भागवू नये. मावळातील पावसात गंज चढतो आणि जोड सैल होतो. परतीची केबल तितक्याच जाडीची घेऊन थेट बॅटरीला न्यावी. टोकांना तांब्याचे थिंबल यंत्राने दाबून, वर स्लीव्ह चढवावी आणि व्हॅसलिन लावावे.

बॅटरी भरणार कशी?

एक मिनिट गुंडाळण्यात सुमारे ०.६७ अँपिअर-तास खर्च होतात. वीस वेळा म्हणजे १३ ते १४. चांगल्या स्थितीतील १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीला हे सहज पेलते. परंतु रोज तेवढे परत भरले नाही, तर चार दिवसांत ती निम्म्यावर येते आणि शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिल्यास लवकर निकामी होते. रात्री चार्जर लावणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. ओढणाऱ्या टेम्पोच्या दिव्यांच्या प्लगमधून चरखी कधीही चालवू नये. त्याच्या बारीक वायरी एवढा भार सोसत नाहीत. टेम्पोच्या अल्टरनेटरवरून बॅटरी भरायची असल्यास स्वतंत्र केबल, दोन्ही टोकांना फ्यूज आणि इंजिन बंद होताच जोड तोडणारा रिले हवा.

शेवटची तपासणी

चरखी फिरत असताना मल्टिमीटरने बॅटरीवर आणि नंतर मोटरच्या टोकांवर व्होल्ट मोजावेत. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल तर जोड किंवा वायर तपासावी. बॅटरीवरच ११ पेक्षा कमी दिसले, तर बॅटरी उतरलेली किंवा म्हातारी झालेली आहे असे समजावे. नवी मोटर विकत घेण्यापूर्वी ही दोन मिनिटांची तपासणी अवश्य करावी. हंगामाचे दिवस थोडे असतात आणि ट्रेलर उभा राहिला की त्या दिवसाची मजुरीही बुडते.