फळ्यासमोर उभं राहताना

प्रश्न : एम.एस्सी. भौतिकशास्त्र झालं. जेस्टच्या गुणांवर पुण्याच्या आयसरमधून पीएच.डी.च्या मुलाखतीचं बोलावणं आलंय. इंग्रजी अडखळतं. काय वाचू?
– एक वाचक, सेलू

उत्तर : नवीन काही वाचू नका. बी.एस्सी.चं यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, पुंजयांत्रिकी पुन्हा काढा आणि फळ्यावर, मोठ्यानं बोलत सोडवा. प्रश्न बहुधा साधाच येतो, पण तो ताणत नेतात. लंबकाचा आवर्तकाल सांगितलात, की सूत्र कुठवर खरं, असं विचारतील. कोन लहान असेपर्यंतच. ९० अंशांपर्यंत झुलवला तर काळ सुमारे १८ टक्के वाढतो. आकडा आठवला नाही तरी चालेल. काळ वाढेल की घटेल आणि का, एवढं मात्र तर्कानं काढता आलं पाहिजे. अडलात तर गप्प राहू नका. कुठे अडलोय ते बोला, परीक्षक सहसा धागा देतात.

प्रकल्पातला प्रत्येक आलेख तुमच्या हातचा हवा : अक्षांवर काय, त्रुटी किती. इथे पाठांतर लगेच उघडं पडतं.

इंग्रजीची धास्ती सोडा, मोडकी वाक्यं चालतात. मुलाखत प्रत्यक्ष असेल तर आदल्या दिवशीच पुणं गाठा. रात्रभर गाडीत अवघडून थेट फळ्यासमोर जाणं नको.